व्हिसासाठी खात्यात किती दाखवायचे?

युरोपची सहल ठरली की पहिला प्रश्न हाच येतो: खात्यात किती दाखवायचे? उत्तरंही तयार असतात. कोणी माणशी दोन लाख सांगतं, कोणी पाच. ऑफिसातला एखादा म्हणतो, "माझे तर सत्तर हजारच होते, तरी मिळाला." सगळे खरंच बोलत असतात, पण त्यांचा आकडा तुमच्या उपयोगाचा नसतो. खात्यातली रक्कम कधीच एकटी वाचली जात नाही. ती पगाराशी, सहलीच्या दिवसांशी, आयकर विवरणाशी आणि अर्जात लिहिलेल्या खर्चाशी ताडून बघितली जाते. हे ताडणं कसं चालतं ते कळलं, की कुठले कागद लावायचे आणि कुठले घरी ठेवायचे हे आपोआप सुटतं.

शेंगेन देशांपासून, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांपासून सुरुवात करू, कारण तिथे निदान आकडे लिहून ठेवलेले आहेत.

नियमातला आकडा

शेंगेनची व्हिसा संहिता २००९ सालची आहे. राहण्याच्या काळासाठी आणि परतीसाठी अर्जदाराकडे पुरेसे पैसे आहेत का, हे तिच्या २१व्या कलमानुसार तपासलं जातं. रीतही तिथेच दिली आहे: त्या देशातल्या स्वस्त मुक्कामाचा आणि जेवणाचा सरासरी खर्च घ्यायचा आणि मुक्कामाच्या दिवसांनी गुणायचा. त्यासाठी बहुतेक देश दिवसाचा दर जाहीर करतात आणि हे दर एकमेकांपासून फार वेगळे आहेत.

जर्मनीचा दर दिवसाला ४५ युरो आहे, नेदरलँड्सचा ५५. स्वित्झर्लंड १०० फ्रँक धरतं. फ्रान्सचा दर तुम्ही कुठे राहणार त्यावर ठरतो: हॉटेलचं बुकिंग जोडलं असेल तर ६५ युरो, नसेल तर १२० युरो. इटलीचा तक्ता दिवसांच्या टप्प्यांवर आणि एकटे जाताय की सोबत कोणी आहे, यावर बदलतो. स्पेनही महाग. तिथे देशाच्या किमान मासिक वेतनाच्या १० टक्के रक्कम दिवसाला लागते. २०२५ साली ते वेतन १,१८४ युरो होतं, म्हणजे दिवसाला ११८.४० युरो. शिवाय सहल चारच दिवसांची असली तरी माणशी त्या वेतनाच्या ९० टक्के, म्हणजे १,०६५.६० युरो, दाखवावे लागत. वेतन दर वर्षी वाढतं तसा हा आकडाही वाढतो, म्हणून अर्जाच्या वर्षाचाच दर बघायचा.

आता हिशोब. दहा रात्रींची सहल म्हणजे अकरा दिवस, कारण पोचण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस मोजतात. इथे एक दिवस कमी धरण्याची चूक फार जणांची होते, आणि तीच चूक मग प्रवास विम्याच्या तारखांतही उतरते. नवरा-बायको दोघे अकरा दिवस फक्त जर्मनीत राहणार असतील तर ४५ × ११ × २ म्हणजे ९९० युरो. तेच फ्रान्समध्ये, हॉटेल बुक करून, १,४३० युरो. स्पेनमध्ये २,६०४.८० युरो. सोयीसाठी युरो शंभर रुपयांना धरला तर ९९ हजार, १ लाख ४३ हजार आणि २ लाख ६० हजार रुपये. तेच जोडपं, तेवढेच दिवस, आणि आकडा अडीचपटीहून जास्त. "माणशी दोन लाख" असा एकच ठोकताळा का चालत नाही, ते इथे दिसतं.

दोन-तीन देश फिरणार असाल तर ज्या देशात जास्त दिवस, त्याच्याकडे अर्ज. दिवस सारखे असतील तर ज्या देशातून आत शिरणार त्याच्याकडे. पैशांचा हिशोब मात्र प्रत्येक देशाचे दिवस वेगळे धरून करावा आणि बेरीज कव्हरिंग लेटरमध्ये लिहावी. अर्ज बघणाऱ्याने तो हिशोब मागितलेला नसतो, पण तयार मिळाला तर त्याला स्वतः करत बसावं लागत नाही.

या रकमेत विमानाचं भाडं धरलेलं नसतं. व्हिसा हातात येण्याआधी तिकिटाचे पूर्ण पैसे भरू नका, नुसतं रिझर्व्हेशन पुरतं, असं बरेच देश स्वतःच सांगतात. पण मग ते भाडं अजून तुमच्या खात्यातून जायचं आहे, हे अर्ज बघणाऱ्यालाही कळतं. दोघांच्या तिकिटांना दीड लाख लागणार असतील तर दिवसांच्या दराची रक्कम त्याच्या वर हवी. उलट हॉटेल आणि तिकीट आधीच भरून झालं असेल, तर पावत्या जोडा आणि ते पैसे स्टेटमेंटमध्ये कुठल्या तारखेला गेले हे लिहा. क्रेडिट कार्डावर भरले असतील तर कार्डाचं स्टेटमेंटही लागेल, नाहीतर खर्च झाल्याचं खात्यात कुठेच दिसत नाही.

स्टेटमेंट वाचणारा काय बघतो

वरचा आकडा हा पाया झाला. तो गाठला म्हणजे व्हिसा मिळाला असं नाही. स्टेटमेंट उघडल्यावर चार गोष्टी शोधल्या जातात: पैसे कोणाचे, ते आले कुठून, आज काढता येतील का, आणि सहलीवर खर्च झाल्यावर घर चालवायला मागे काय राहतं.

शेवटच्या प्रश्नाकडे आपलं लक्ष सर्वांत कमी जातं. महिना ४५ हजार पगार, त्यातले १८ हजार गृहकर्जाच्या हप्त्याला, महिनाअखेरीस खात्यात सात-आठ हजार. अशा खात्यात अर्जाच्या तोंडावर अचानक चार लाख दिसले आणि सहल साडेतीन लाखांची असली, तर रक्कम नियमात बसूनही शंका येते. आयुष्यभराची शिल्लक कोणी बारा दिवसांत का उधळेल? त्यामुळे अर्ज पैशांच्या कारणावरून फेटाळला जातो किंवा परत येण्याच्या हेतूबद्दल शंका घेऊन. इथे उपाय रक्कम वाढवण्यात नाही. सहल लहान करा, हॉटेल स्वस्त घ्या, स्पेन पुढच्या खेपेला ठेवा. महिन्याच्या आवकीला साजेशी सहल आखली की अर्धं काम झालं.

अर्जाच्या आधी पंधरा दिवस खात्यात मोठी रक्कम येणं हे संशयाचं सगळ्यांत मोठं कारण. तरीही दर मोसमात तेच होतं: सासऱ्यांकडून तीन लाख, मित्राकडून दोन, स्टेटमेंट काढलं की परत. तीन महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये अशी नोंद लगेच नजरेत भरते, कारण बाकी सगळ्या नोंदी पगार, हप्ता आणि यूपीआयच्या असतात. चार दिवसांसाठी पैसे लावून देतो आणि कमिशन घेतो, असं सांगणारे लोकही असतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. पैसे जाण्याचा धोका आहेच, पण ती रक्कम तुमची नाही हे स्टेटमेंटच सांगतं.

मोठी रक्कम येण्याला खरं कारण असतं तेव्हा घाबरायचं काही नाही. फक्त त्या नोंदीशेजारी कागद हवा. वार्षिक बोनस आला असेल तर त्या महिन्याची सॅलरी स्लिप, ज्यात बोनसचा रकाना दिसतो. ठेव मोडली असेल तर बँकेची ठेव बंद केल्याची पावती, मूळ ठेव कधी ठेवली ती तारीख असलेली. जागा विकली असेल तर नोंदणीकृत खरेदीखताची प्रत आणि तिचं इंग्रजी भाषांतर. म्युच्युअल फंड विकले असतील तर व्यवहाराचं स्टेटमेंट. वडिलांनी दिले असतील तर त्यांचं पत्र, त्यांच्या खात्यातून ते गेल्याची नोंद आणि नात्याचा पुरावा. रोख भरलेल्या रकमेचा पुरावा देणं सगळ्यांत अवघड. घरातले साठवलेले दीड लाख अर्जाच्या महिन्यात काउंटरवर भरले, तर ते कुठून आले हे दाखवायला तुमच्याकडे काहीच नसतं. भरायचेच असतील तर बरेच आधी भरा, आणि तुमच्या विवरणातल्या उत्पन्नात ते बसतात का हेही बघा.

स्वीप खातं: पैसे असून न दिसणारे

आयटीतल्या पगारदारांच्या अर्जात ही भानगड वारंवार होते, म्हणून जरा सविस्तर.

बऱ्याच पगार खात्यांना स्वीप जोडलेलं असतं. खात्यात ठरावीक मर्यादेच्या वर रक्कम गेली की जास्तीची आपोआप मुदत ठेवीत जाते. स्टेट बँकेत तिला एमओडी म्हणतात. व्याज जास्त मिळतं, गरज पडली की ठेव आपोआप मोडते, म्हणून आपण तिकडे लक्षही देत नाही. पण बचत खात्याच्या स्टेटमेंटमध्ये याचं चित्र विचित्र दिसतं. समजा मर्यादा २५ हजारांची आहे. एक तारखेला १ लाख १० हजार पगार जमा. पाच तारखेला हप्ता आणि भाडं मिळून ४५ हजार वजा. आठ तारखेला ४० हजार स्वीपमध्ये वजा. शिल्लक २५ हजार. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. या माणसाचे ठेवीत साडेचार लाख आहेत. स्टेटमेंट वाचणाऱ्याला मात्र असा माणूस दिसतो, की जो दर महिन्याला पगार संपवतो आणि ज्याच्याजवळ २५ हजारांपेक्षा जास्त कधीच नसतात.

यावर उपाय दोन. एक, बँकेकडून बचत खातं आणि त्याला जोडलेल्या सर्व ठेवी एकत्र दाखवणारं पत्र घ्या: ठेवीचा क्रमांक, ठेवल्याची तारीख, रक्कम आणि ती कधीही मोडता येते हे वाक्य. हे शेवटचं वाक्य आग्रहाने मागून घ्या, शाखा ते स्वतःहून लिहीत नाही. दोन, अर्जाच्या चारेक महिने आधी स्वीप बंद करा, म्हणजे पैसे बचत खात्यातच साचताना दिसतील. सगळ्यांत वाईट मार्ग म्हणजे अर्जाच्या आठवड्यात साऱ्या ठेवी मोडून बचत खात्यात आणणं. एकाच दिवशी चार-पाच मोठ्या रकमा जमा झालेल्या दिसतात, आणि पावत्या जोडल्या नसतील तर त्या उसन्या आणलेल्या पैशांसारख्याच वाटतात.

स्टेटमेंट किती महिन्यांचं द्यायचं? शेंगेन देशांच्या यादीत बहुधा तीन महिने लिहिलेले असतात, काही ठिकाणी सहा मागतात. यादीत जे असेल तेवढं द्या. शेवटची नोंद व्हिसा अर्ज केंद्रात जाण्याच्या आधल्या आठवड्यातली असावी. पहिल्या पानावर खातेदाराचं पूर्ण नाव, पत्ता, खाते क्रमांक आणि शाखा दिसली पाहिजे. पासबुकाच्या झेरॉक्सवर विसंबू नका, पुष्कळदा ती पुसट असते आणि नोंदींचं वर्णन तुटलेलं असतं. सही-शिक्का मागितला असेल तर प्रत्येक पानावर घ्या. ई-स्टेटमेंटवर सही होत नाही असं शाखेतून सांगतात. तेव्हा शाखेतून छापलेलं स्टेटमेंट मागायचं आणि सोबत व्हिसासाठी हवं असल्याचा लेखी अर्ज द्यायचा. शनिवारी जाऊ नका, महिन्याच्या पहिल्या आठवड्यातही टाळा.

यूपीआयमुळे हल्ली तीन महिन्यांचं स्टेटमेंट सहज तीस-चाळीस पानांचं होतं. चहाचे वीस, रिक्षाचे साठ, भाजीचे एकशेदहा. लाज वाटण्याचं काही कारण नाही, आणि पानं तर मुळीच गाळू नका. "४० पैकी १७" अशी पानं मोजलेली असतात, एक जरी कमी निघालं तर ते लपवल्यासारखं दिसतं. त्याऐवजी वर एक पान टाइप करून लावा: महिना, सुरुवातीची शिल्लक, पगार जमा झाल्याची तारीख आणि रक्कम, महिनाअखेरची शिल्लक. तीन ओळींचा तक्ता. याने वाचणाऱ्याची दहा मिनिटं वाचतात आणि तुमचं म्हणणं त्याच्यापर्यंत पोचतं.

विवरण आणि स्टेटमेंट एकमेकांशी बोलले पाहिजेत

नोकरदारांचं सोपं असतं. तीन सॅलरी स्लिपा, फॉर्म १६, विवरणाची पोचपावती, ऑफिसचं रजा मंजुरीचं पत्र. स्लिपेवरची निव्वळ रक्कम आणि खात्यात जमा झालेली रक्कम रुपयापर्यंत जुळते का ते घरी ताडून बघा. पगार दोन खात्यांत विभागून येत असेल तर दोन्ही स्टेटमेंटं जोडा.

व्यावसायिकांचं घोडं इथेच अडतं. लक्ष्मी रस्त्यावर दुकान आहे, चालू खात्यात वर्षाला साठ लाखांची उलाढाल आहे, पण विवरणात उत्पन्न पाच लाख. हे अगदी कायदेशीर असू शकतं, कारण उलाढाल आणि नफा वेगळे. पण बचत खात्यात चौदा लाख पडलेले असतील तर ते पाच लाखांच्या उत्पन्नातून कसे साचले, हे कोणीतरी विचारणारच. शॉप ॲक्टचा परवाना किंवा उद्यम नोंदणी, जीएसटीची विवरणं, चालू खातं आणि बचत खातं दोन्हींची स्टेटमेंटं, आणि सीएकडून छोटं पत्र, इतकं द्या. सीएने नेटवर्थचं प्रमाणपत्र दिलं तर त्यावर १८ अंकी यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असलाच पाहिजे. फेब्रुवारी २०१९ पासून अशा प्रमाणपत्रांना तो बंधनकारक आहे आणि तो क्रमांक ऑनलाइन तपासता येतो. चालू खात्यातली रक्कम धंद्याची असते, ती सहलीला वापरणार असाल तर मालक म्हणून तसं लिहून द्या. भागीदारी असेल तर भागीदाराची संमती जोडा.

शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्यामुळे विवरणात कित्येकदा ते नीट दिसत नाही. बारामती, इंदापूर, जुन्नरकडच्या कुटुंबांना ही अडचण येते. पैसे असतात, कागद सापडत नाही. कारखान्याकडून ऊसबिल थेट खात्यात येत असेल तर ती नोंद आणि कारखान्याचं बिल जोडा, हा चांगला पुरावा आहे. मार्केट यार्डातल्या आडत्याची पट्टी असेल तर तिची रक्कम आणि खात्यातली जमा जुळवून दाखवा. विवरण भरताना शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून नोंदवलं तर पुढच्या अर्जांना ते फार कामी येतं. सातबारा जरूर जोडा, भाषांतर करून, पण तो इथे मुळं असल्याचा पुरावा आहे. सहलीचा खर्च सातबाऱ्यातून निघत नाही.

हेच फ्लॅटच्या मूल्यांकनाचं, सोन्याच्या पावतीचं, पीपीएफचं आणि पीएफचं. पीपीएफ १५ वर्षांसाठी अडकलेला असतो, त्यातून पुढच्या महिन्याचं हॉटेल भरता येत नाही. त्याचं स्टेटमेंट मागे जोडलं तर बिघडत नाही, पण मुख्य आकड्यात त्याची बेरीज करू नका. म्युच्युअल फंड आणि मुदत ठेव काढता येतात, म्हणून त्यांचं वजन जास्त. क्रेडिट कार्डाची मर्यादा हे उधारीचं पान आहे, जोडीला ठीक.

पतसंस्थेतल्या ठेवींबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे निवृत्त मंडळींचे निम्मे पैसे तिथेच असतात. पतसंस्था सहकारी कायद्याखाली चालतात, त्या बँका नव्हेत. त्यांची मराठीतली पावती दूतावासातल्या माणसाला ओळखीची नसते. पैसे तिथून काढायचे असतील तर मुदत संपेल तेव्हा बँकेत आणा, तीन-चार महिने आधी, आणि मुदत पूर्ण झाल्याची पावती जपून ठेवा.

खर्च दुसऱ्याचा असेल तर

मुलगा म्युनिकला, आई-बाबा कोथरूडला. मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्ही फक्त या, सगळं मी बघतो." त्याच्या या वाक्याला कागदाचं रूप द्यावं लागतं आणि प्रत्येक देशाचा कागद वेगळा आहे.

जर्मनीत मुलाने आपल्या गावातल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन औपचारिक हमीपत्र घ्यायचं असतं. त्याला फेअरफ्लिश्टुंग्सएरक्लेरुंग म्हणतात. ते निवास कायद्याच्या ६६ ते ६८ या कलमांवर आधारलेलं असतं आणि त्याचं शुल्क २९ युरो आहे. मुलाचा पगार बघूनच ते दिलं जातं. मूळ प्रत कुरियरने पुण्यात यायला हवी, म्हणून तारखांचा हिशोब आधी करा. तिथल्या कार्यालयाची वेळ मिळायलाच काही शहरांत आठवडे जातात. ई-मेलवर लिहिलेलं साधं निमंत्रण या हमीपत्राची जागा घेत नाही. फ्रान्समध्ये यजमान नगरपालिकेतून आतेस्तास्यों दाक्यूय, म्हणजे पाहुण्याला घरी ठेवून घेत असल्याचं प्रमाणपत्र, काढतो, आणि ते जोडलं की दिवसाचा दर ६५ वरून जवळपास निम्म्यावर येतो. नेदरलँड्सला ठरलेला फॉर्म आहे, त्यावरची यजमानाची सही तिथल्या नगरपालिकेत प्रमाणित करून घ्यावी लागते.

हमीपत्र आलं तरी आई-बाबांनी स्वतःचं स्टेटमेंट, पेन्शन मंजुरीचा आदेश (पीपीओ) आणि ठेवींच्या पावत्या जोडाव्यात. मुलाने खर्च उचलला म्हणजे पैशांचा प्रश्न मिटतो, पण परत येण्याचा प्रश्न मिटत नाही. दर महिन्याच्या ठरावीक तारखेला जमा होणारी पेन्शन हा इथे परत यायचं आहे याचा फार बोलका कागद आहे.

घरातल्या घरात खर्च उचलणाऱ्यांसाठी नात्याचा पुरावा लागतो आणि आपल्या नावांच्या पद्धतीमुळे इथे गाडी अडते. पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव, बँकेत माहेरचं. किंवा पासपोर्टवर नुसतं नाव आणि आडनाव, स्टेटमेंटवर आडनाव आधी आणि मधे नवऱ्याचं नाव. वाचणाऱ्याला ही दोन माणसं वाटतात. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातून विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र काढलेलं असेल तर ते जोडा, आणि वेळ हाताशी असेल तर बँकेत केवायसी अद्ययावत करून नाव पासपोर्टसारखंच करून घ्या. गृहिणीच्या अर्जात नवऱ्याचं स्टेटमेंट, विवरण आणि "खर्च मी करणार" असं सहीचं पत्र जातं. प्रत्येक अर्जदाराच्या संचात त्याची वेगळी प्रत ठेवा, कारण कुटुंबाचे अर्ज एकत्र दिले तरी प्रत्येक संच वेगळा वाचला जाऊ शकतो.

ब्रिटन, अमेरिका आणि खोट्या कागदाची किंमत

ब्रिटनच्या पर्यटक व्हिसाला ठरलेला आकडा नाही. खात्यात २८ दिवस पैसे राहायला हवेत, हा नियम विद्यार्थ्यांचा आहे, तो पर्यटकांना लावून उगाच धास्ती घेतली जाते. पर्यटकाच्या अर्जात फॉर्मच तुम्हाला बांधून घेतो: महिन्याचं उत्पन्न किती, महिन्याचा खर्च किती, सहलीला किती खर्च करणार. हे तीन आकडे घाईत टाकले जातात आणि मग स्टेटमेंटशी जुळत नाहीत. महिन्याचा खर्च तीस हजार लिहिला आणि स्टेटमेंटमध्ये दर महिन्याला ऐंशी हजार जाताना दिसले, तर चूक पैशांची नसून उत्तराची ठरते. फॉर्म भरायला बसण्याआधी तीन महिन्यांची सरासरी काढून ठेवा.

अमेरिकेच्या बी१/बी२, म्हणजे कामानिमित्त भेटीच्या आणि पर्यटनाच्या, व्हिसाला स्टेटमेंट अपलोड करावं लागत नाही. मुंबईतल्या मुलाखतीत दोन-तीन मिनिटांत निर्णय होतो आणि कागद बहुधा बघितलेही जात नाहीत. डीएस-१६० या ऑनलाइन अर्जाच्या फॉर्ममध्ये लिहिलेला पगार आणि खर्च कोण करणार याचं उत्तर तोंडी तसंच यायला हवं. फाइल सोबत असू द्या, पण तिच्यावर विसंबू नका.

बनावट स्टेटमेंट कोणी सुचवलं तर तिथून उठा. ब्रिटनमध्ये फसवणूक सिद्ध झाली तर दहा वर्षं अर्ज फेटाळले जाऊ शकतात. कॅनडा पाच वर्षं बंदी घालतो. अमेरिकेत खोट्या माहितीमुळे आलेली अपात्रता कायमची असते. शेंगेनमध्ये नकाराची नोंद सामायिक प्रणालीत पाच वर्षं राहते आणि सगळ्या सदस्य देशांना दिसते. बँकेकडे स्टेटमेंटची खातरजमा करून घेणं दूतावासाला अवघड नाही.

व्हिसा मिळाल्यावर, आणि न मिळाल्यावर

व्हिसा मिळाला की फाइल कपाटात टाकू नका. युरोपच्या सीमेवरचा अधिकारीही पैसे दाखवा म्हणू शकतो. हॉटेलची बुकिंगं, परतीचं तिकीट, फोरेक्स कार्ड आणि ताज्या स्टेटमेंटचं एक पान हातातल्या बॅगेत असू द्या, चेक-इन सामानात नको. परकी चलनाच्या नोटा भारतातून एका प्रवासाला सहसा ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतात, बाकी कार्डावर. युरोपीय संघात शिरताना १०,००० युरो किंवा जास्त रोख असेल तर जाहीर करावी लागते.

शेंगेन व्हिसाला नकार आला तर नकारपत्रावर कुठल्या कारणापुढे खूण केली आहे ते नीट वाचा. पुरेशा साधनांचा पुरावा दिला नाही, ही एक खूण असते आणि परत जाण्याच्या हेतूबद्दल वाजवी शंका आहे, ही दुसरी. पहिलीला पैशांच्या कागदांनी उत्तर देता येतं. दुसरीवर आणखी दोन लाख भरून उपयोग नाही, तिथे नोकरी, कुटुंब आणि सहलीचं प्रमाण दाखवावं लागतं. जर्मनीने फेरविचाराच्या अर्जाची सोय १ जुलै २०२५ पासून बंद केली आहे, त्यामुळे तिथे न्यायालयात दाद मागणं किंवा नव्याने अर्ज करणं एवढेच मार्ग उरतात. नव्या अर्जाला मोठ्यांसाठी ९० युरो आणि सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो शुल्क पुन्हा भरावं लागतं, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. तेच कागद घेऊन आठ दिवसांत परत जाण्यात अर्थ नसतो. स्वीप बंद केल्यावर, नाव दुरुस्त झाल्यावर, किंवा संशय आलेल्या नोंदीचा पुरावा हाती आल्यावर जा, आणि कव्हरिंग लेटरच्या पहिल्याच परिच्छेदात आधीचा नकार कधी आला, कशासाठी आला आणि आता कुठला नवा कागद जोडला आहे, हे पानाच्या क्रमांकासकट लिहा.